पाय कसा गेला, ते विचारायचं नाही

सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. खरी भाची एकच होती. लहानपणी शाळा सुटली की ती थेट कारखान्यात यायची आणि दारातूनच "मामाऽ" अशी हाळी द्यायची. ती हाक मग सगळ्यांनीच उचलली. वयाने मोठे असलेले सुतारसुद्धा त्यांना मामाच म्हणत. मामांचं लग्न राहून गेलं होतं. का राहिलं, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "अहो, लोकांच्या पायांचं जमवता जमवता माझं जमवायला वेळ कुठे मिळाला!" हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की ऐकणारे आधीच हसून मोकळे होत.

कारखाना म्हणजे सरकारी इस्पितळाच्या मागची पत्र्याची लांबलचक शेड. तिथे खोटे पाय बनत. एका भिंतीला फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे साचे ओळीने मांडलेले, दुसऱ्या बाजूला प्लास्टिक मऊ करायची भट्टी, मध्ये कानशी, पॉलिशचं चाक, चामड्याचे पट्टे, आणि या सगळ्यावर बसलेली पांढरी धूळ. माणूस आला की मामा त्याला खुर्चीत बसवत, स्वतः समोरच्या बुटक्या स्टुलावर बसत, त्याचा उरलेला पाय मांडीवर घेत आणि ओल्या प्लास्टरची पट्टी त्यावर गुंडाळत. ती घट्ट होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं. तेवढ्या वेळात माणसं बोलायला लागतात, आणि नेमका इथेच मामांचा एक नियम होता. पाय कसा गेला, ते विचारायचं नाही. कुणी आपण होऊन सांगायला लागलं तरी हळूच थांबवायचं. "ते झालं गेलं. आता मला सांगा, चालून जायचंय कुठे?" कुणाला शेतावर जायचं असे, कुणाला लेकीच्या घरी, एका म्हाताऱ्याला तर नुसतं स्वतःच्या गच्चीवर जायचं होतं. जिथे जायचं त्याप्रमाणे मामा पाय घडवत. नवशिक्यांना ते हा नियम पढवत आणि नवशिकेही माना डोलावत. रडायला आलेलं माणूस त्या एका प्रश्नाने डोळे पुसून विचार करू लागे, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. यात माया होती, नाही कशाला म्हणा. पण मायेत आपली सोयही असते, हे मामांच्या कधी ध्यानात आलं नाही.

शेजारच्या देशात बरीच वर्षं धुमसत होतं. तिथलं सरकार आपल्या सरकारचं दोस्त, म्हणून त्या सरकारवर उठलेले बंडखोर आपले दुश्मन, असा सरळ मामला होता. आपली विमानं अधूनमधून सीमेपलीकडे जात. संध्याकाळच्या बातम्यांत इतके अतिरेकी ठार, तितके अतिरेकी ठार असं सांगत आणि लोक जेवता जेवता ते ऐकत, पुढे हवामान ऐकत आणि हात धुवायला उठत. त्याच सरकारच्या परराष्ट्र खात्याने पलीकडे मैत्रीची शिबिरंही सुरू केली होती. ज्या डोंगरांवर विमानं जात, त्यांच्याच पायथ्याच्या गावात तंबू ठोकायचा, दोन्ही देशांचे झेंडे लावायचे आणि पाय गमावलेल्यांना फुकट पाय द्यायचे. "म्हणजे आपणच तोडायचं आणि आपणच जोडायचं," असं कारखान्यातला पॉलिशवाला म्हणे. मामा त्याला दटावत. "आपण जोडणाऱ्यांतले. तोडणाऱ्यांचं आपल्याला काय करायचंय?" शिबिराची हाक आली की मामांची पेटी सगळ्यांत आधी तयार असे.

आणि मग शहराच्या बस स्थानकात भर दुपारी स्फोट झाला. भाची तिथे चौकशीच्या खिडकीत नोकरीला होती. वडील तिच्या लहानपणीच गेलेले. आई म्हणजे मामांची धाकटी बहीण. मामांनी या दोघींना कधी काही कमी पडू दिलं नव्हतं. मामा इस्पितळात धावत पोचले. ज्या माणसाने उभा जन्म तुटलेले पाय मांडीवर घेण्यात घालवला, त्याला त्या पलंगावरच्या चादरीकडे बघवेना. डावा पाय गुडघ्याखाली संपला होता. ते बाहेर आले, व्हरांड्यातल्या नळाखाली त्यांनी तोंड धुतलं, पुन्हा आत गेले आणि पुन्हा बाहेर आले.

भाची मात्र मोठी खमकी. जखम भरत आली, ती घरी आली तेव्हा म्हणाली, "मामा, माझा पाय जरा मन लावून बनव हं. लोकांना देतोस तसला नको." मामांना हसू आलं आणि त्याच्या जोडीने रडूही. जखम भरली की फार थांबायचं नसतं. गुडघा आखडतो, आणि एकदा आखडलेल्या गुडघ्याला कितीही चांगला पाय लावा, माणूस धड चालत नाही. त्यांनी साचा घ्यायचा दिवस ठरवून टाकला.

त्याच्या आदल्या दिवशी तपास करणारा अधिकारी कारखान्यात आला. त्याने प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीतून एक खोटा पाय काढून टेबलावर ठेवला. काळवंडलेला, घोट्याशी तुटलेला. "ज्याने स्फोट केला, त्याचा," अधिकारी म्हणाला. "हे काम कुठलं, सांगता येईल?"

मामांनी पाय हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. उरलेला पाय जिथे आत बसतो त्या पोकळ भागाच्या मागच्या कडेला ते एक उतार घासत, माणसाला जमिनीवर उकिडवं बसता यावं म्हणून. शिंप्याला आपलं काज ओळखू येतं, तसा त्यांना तो उतार ओळखू आला. "माझंच काम आहे," ते म्हणाले. गप्प बसता आलं असतं, पण ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

माणूसही आठवला. गेल्या शिबिरातला. किडकिडीत, चाळिशीचा, दोन्ही हात मांडीवर ठेवून मुलाखतीला आल्यासारखा बसणारा. प्लास्टरची पट्टी गुंडाळत असताना तो काहीतरी सांगू लागला होता आणि दुभाष्याने मामांकडे पाहिलं होतं. मामांनी हात वर करून थांबायची खूण केली होती. बाहेर रांग होती. आणि नियम होताच. "जुनं राहू द्या म्हणावं. चालून जायचंय कुठे, ते विचार." तो माणूस थोडा वेळ मामांकडे बघत राहिला. मग मामांच्या भाषेतले जेवढे शब्द त्याला येत होते तेवढे गोळा करून म्हणाला, "तुमच्या शहरात."

मामांना कोण आनंद झाला होता! ज्यांच्याशी वैर, त्यांच्यातला एक जण आपलं शहर बघायला येऊ म्हणतोय. त्यांनी त्याला फरसबंद रस्त्यांवर चालेल असा घोटा बसवून दिला. जिन्याची सवय व्हावी म्हणून लाकडी खोक्यावर चढ-उतार करायला लावलं. परत आल्यावर आठवडाभर भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवली होती, बहिणीलाही, भाचीलाही.

"का केलं असेल हो त्याने?" मामांनी अधिकाऱ्याला विचारलं.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. "मामा, कारण शोधायला गेलं की लोक म्हणतात, हा त्यांची बाजू घेतोय. तो कसा आला, कुणी आणला, एवढं माझं काम. का आला हे वरचे ठरवतात. आणि त्यांनी ते आधीच ठरवलंय." त्याने पाय पुन्हा पिशवीत घातला. जाताना त्याने मामांना हे कुठे बोलू नका असं बजावलं.

मामांच्या पोटात कधी काही राहिलंय? संध्याकाळी ते बहिणीकडे गेले आणि दारातच सगळं सांगून बसले. बहिणीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने त्यांच्यासमोर ठेवला, पण ती बसली नाही.

"तुझ्या हातचा पाय घालून आला तो? माझ्या लेकीचा पाय न्यायला?"

"अगं, मला काय ठाऊक..."

"तुला कधीच काही ठाऊक नसतं, दादा. तू फक्त चांगला असतोस."

हे मामांना फार लागलं. आतल्या खोलीतून भाचीने हाक मारली. ती भिंतीला टेकून पलंगावर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. रडली नव्हती, ओरडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, "त्याचा पाय कसा गेला होता?"

"मी ते विचारत नाही गं कुणाला."

"एवढा वेळ त्याचा पाय मांडीवर घेऊन बसलास, आणि विचारलं नाहीस?"

मामा पांघरुणाची कड सरळ करत राहिले.

"मामा, टीव्हीवर रोज कुणी ना कुणी मला समजावून सांगतंय. तो वेडा होता म्हणे. आपलं सुख त्यांना बघवत नाही म्हणे. मी दिवसभर खिडकीत बसून कुठली बस कुठल्या फलाटाला लागते ते सांगायचे. माझं कसलं सुख बघवलं नाही रे त्याला? मला त्याला सोडून द्यायचं नाहीये. जिवंत असता तर मी स्वतः त्याला फाशी द्या म्हटलं असतं. पण माझा पाय कशापायी गेला, हे मला कळलं पाहिजे. त्याला जवळून बघितलेला, माझ्या ओळखीचा तू एकटाच आहेस. तू जाऊन माहिती काढ. तोवर माझ्या पायाला हात लावायचा नाही."

मामांना वाटलं, रागाच्या भरात बोलतेय, दोन दिवसांत निवळेल. कसलं काय! पोरगी हट्टाला पेटली ती पेटलीच. मामा पट्ट्या आणि प्लास्टर घेऊन जात, ती पाय पांघरुणाखाली ओढून घेई. व्यायाम करायची, पण अर्ध्या मनाने. गुडघा सरळ होताना आधी थोडा अडू लागला, मग जास्त. बहीण मामांशी बोलायची ती फक्त एवढंच, की आज आणखी आखडलाय. मामा रात्री घरी पडून स्वतःचाच गुडघा सरळ करत, वाकवत, सरळ करत. त्यांना तपास करायचा म्हणजे काय करायचं, हेच उमगत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. कारण काढायला जावं आणि ते पटण्यासारखं निघालं, तर?

शेवटी ते शिबिरातल्या त्या दुभाष्याकडे गेले. तो पलीकडचाच, लढाईला कंटाळून इकडे येऊन राहिलेला. सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं त्याचं. स्फोटापासून दुकान बंद होतं आणि शटरवर कुणीतरी डांबर फासलं होतं. मामा मागच्या बोळातून गेले. बराच वेळ कडी वाजवल्यावर दार बोटभर उघडलं.

"तो माणूस काय सांगत होता?" मामांनी विचारलं.

दुभाष्याने त्यांना आत घेतलं, दार लावलं, आणि एका उलट्या ठेवलेल्या सायकलीचं चाक उगाच फिरवत उभा राहिला. "आता विचारताय? तुम्हीच हात वर केला होतात. मी सांगायला तोंड उघडलं होतं."

"माझं चुकलं."

दुभाष्याने चाकाला आणखी एक झटका दिला. मग तुटक तुटक सांगू लागला. त्या माणसाने रांगेत उभा असताना त्याला सगळं ऐकवलं होतं. त्यांच्या गावात एकच पिठाची चक्की. वीज येईल तेव्हा सगळं गाव दळण घेऊन तिथे रांग लावायचं. वरून विमानातून पाहणाऱ्याला ती माणसांची रांग वेगळीच काहीतरी दिसली असेल. त्याने बॉम्ब टाकला, त्यात त्या माणसाचा पाय गेला. बायको वाचली. पोरगी गेली, ती दळणाचा डबा धरून बापाच्या पुढे उभी होती. आणि संध्याकाळी तुमच्या रेडिओवर बातमी लागली, की चक्कीपाशी जमलेले सगळे अतिरेकी मारले गेले.

"सगळे," दुभाषा म्हणाला. "म्हणजे त्याची पोरगीसुद्धा त्यातच धरली. पायाचं त्याला एवढं नव्हतं. तो म्हणत होता, ती बातमी चुकीची आहे असं तुमच्याकडच्या कुणीतरी एकदा म्हणावं. बास. तिथल्या सरकारी कचेरीत गेला तर त्यांनी हाकलून दिलं. मग शिबिर लागलं. तुमच्या देशाचा माणूस त्याने पहिल्यांदा जवळून पाहिला, ते तुम्ही."



"म्हणून त्याने हे केलं?" मामा म्हणाले.

"मला काय माहीत?" दुभाषा एकदम चिडला. "त्या रांगेत प्रत्येकाची अशीच काहीतरी कहाणी होती. बाकीचे पाय लावून घरी गेले ना? शेतं कसतायत, गुरं राखतायत. त्याने तुमच्या भाचीचं काय पाहिलं होतं? तिने कुठे विमान उडवलं होतं? मला त्याच्याबद्दल कळवळा नाही. त्याच्यापायी माझं दुकान बंद आहे." चाक फिरायचं थांबलं. "पण एक सांगतो. तुम्ही ऐकलं नाहीत, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी ऐकलं असणार. अशा माणसांचं ऐकून घेणारे लोक तिकडे फिरतच असतात. ते हात वर करत नाहीत. रात्रभर ऐकतात, पाठीवरून हात फिरवतात, आणि मग आपलं काम सांगतात."

मामा तिथून निघाले ते सरळ बहिणीकडे गेले नाहीत. शहरभर चालले. दुकानांच्या दारांतल्या टीव्हींवर परराष्ट्र खात्याचा माणूस सांगत होता, की चोख उत्तर दिलं जाईल, आणि त्यासाठी जागाही निवडलेली आहे. लोक टाळ्या वाजवत होते. मामांना त्यांचा राग आला नाही. महिन्याभरापूर्वी तेही टाळ्या वाजवणाऱ्यांत उभे राहिले असते. त्यांना स्वतःच्या उजव्या हाताचा राग आला होता, तो जो त्या दिवशी वर झाला. आणि त्याच्याइतकाच त्या मेलेल्या माणसाचा. गृहस्था, पुन्हा एकदा तोंड उघडायचं होतंस ना! ओरडायचं होतंस! मी तुझ्यासमोर बसलो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्लास्टरचं सामान घेऊनच बहिणीच्या घरी गेले. भाचीच्या पलंगाशी स्टूल ओढून त्यांनी ऐकलं होतं तेवढं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हात वर केल्याचंही नाही. बहीण स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी राहून भाजी निवडत होती. सांगून झाल्यावर खोलीत काही वेळ फक्त देठ मोडल्याचा आवाज येत राहिला.

"झालं?" बहीण तशीच पाठमोरी म्हणाली. "झाली त्याची वकिली करून?"

"वकिली नाही गं."

"मग काय आहे? माझ्या पोरीने कुणाची चक्की पाडली होती?"

"कुणाचीच नाही," मामा म्हणाले. "म्हणूनच तर त्याला माफी नाही. पण ती चक्की पाडलीय, हेही खरंच आहे."

भाची छताकडे बघत होती. "मला वाटलं होतं, कळल्यावर बरं वाटेल," ती म्हणाली. "उलट आता जास्तच राग येतोय. त्याचा येतोय, विमानवाल्याचा येतोय, तुझा येतोय. आधी एकाचाच यायचा, ते सोपं होतं." मग तिने पांघरूण बाजूला केलं आणि पाय पुढे केला. "घे. गुडघा अजून किती सरळ होतो ते तूच बघ."

मामांनी तो पाय मांडीवर घेतला. गुडघा आखडला होता, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. त्यांनी पट्टी भिजवली, पिळली, गुंडाळायला सुरुवात केली. मामांनी या वेळी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यांच्याजवळ त्या क्षणी काही उरलं नव्हतं. प्लास्टर गरम होऊ लागलं. आता ते घट्ट होईपर्यंत दोघांनाही हलता येणार नव्हतं.

तेवढ्यात विमानं आली. शहराबाहेरच्या तळावरून उडून ती नेहमी याच बाजूने सीमेकडे जात. पहिलं गेलं तेव्हा खिडकीची तावदानं थरथरली, मग दुसरं, मग एकामागून एक इतकी, की मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही. भाचीने डोळे मिटून घेतले. तिच्या पायाचा स्नायू प्लास्टरच्या आत ताठ झालेला मामांच्या तळव्यांना कळला. ते तसेच धरून बसले.

"जाऊ देत," बहीण म्हणाली. "कळू दे त्यांनाही."

 आवाज दूर गेला, ऐकू येईनासा झाला. रस्त्यावर कुणीतरी आनंदाने ओरडलं, मग तेही थांबलं. बहिणीने भाजीची परात खाली ठेवली आणि ती दारात वळून उभी राहिली. पलंगावरच्या आपल्या लेकीकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"दादा," ती म्हणाली. "ती त्याची पोरगी. किती वर्षांची होती?"

मामांनी मान वर केली. हातातलं प्लास्टर घट्ट होत आलं होतं. बहीण उत्तराची वाट बघत उभी होती, भाचीनेही डोळे उघडले होते, आणि मामांना त्या दोघींना सांगावं लागलं, की ते आपण विचारलंच नाही.